जनरेटर आणि इन्व्हर्टर दोन्ही असताना जिना-पॅसेजमध्ये आपत्कालीन दिवे वेगळे हवेत का?

गाळेधारक, नाशिक

नमस्कार. नाशिकमधील एका व्यावसायिक इमारतीच्या गाळेधारक संस्थेचा मी सचिव आहे. तळमजल्यावर दुकाने आणि वरच्या पाच मजल्यांवर कार्यालये, दोन दवाखाने व एक कोचिंग क्लास अशी इमारतीची रचना असून उंची सुमारे १९ मीटर आहे. जुलैमध्ये अग्निशमन विभागाकडे द्यावयाच्या फॉर्म ‘बी’साठी (अग्निसुरक्षा व्यवस्था चालू स्थितीत असल्याच्या प्रमाणपत्रासाठी) परवानाधारक एजन्सीने नुकतीच पाहणी केली. पंप, होज रील आणि अलार्म यांबद्दल तिची काही तक्रार नाही. मात्र ‘जिना व पॅसेजमधील आपत्कालीन प्रकाशव्यवस्था नॅशनल बिल्डिंग कोडनुसार नाही’ असा शेरा मारून एजन्सीने सही थांबवली आहे.

आमच्या सभासदांना हा शेरा पटत नाही, कारण इमारतीत अंधार झाल्याचे कोणालाच आठवत नाही. तळघरात ६२.५ केव्हीएचा जनरेटर आहे, त्याला एएमएफ (वीज गेल्याचे कळताच जनरेटर आपोआप सुरू करणारे) पॅनेल आहे आणि महावितरणची वीज गेल्यापासून बारा-पंधरा सेकंदांत पॅसेज, लिफ्ट व पंप त्यावर येतात. मधल्या काळात जिन्यात अंधार राहू नये म्हणून प्रत्येक लँडिंगवरचा एक दिवा जिन्याखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरवर जोडलेला आहे. प्रत्येक मजल्यावरचा पॅसेज २४ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद असून त्याला २.७ मीटर उंचीवर फॉल्स सीलिंग आहे. दारांवर ‘एक्झिट’चे लाल स्टिकर आहेत.

एजन्सीनेच सुचवलेल्या विक्रेत्याने प्रत्येक मजल्यावर बॅटरी असलेली तीन फिटिंग असे कोटेशन दिले आहे. जनरेटरवर एवढा खर्च केल्यानंतर पुन्हा हे कशासाठी, असे सभेत विचारले जाणारच, आणि त्या वेळी ‘एजन्सी म्हणते म्हणून’ एवढेच उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही. ही वेगळी फिटिंग खरोखर आवश्यक आहेत का, असल्यास तीन पुरेशी आहेत हे कशावरून ठरवायचे, आणि हा विषय विद्युत निरीक्षकाच्या अखत्यारीतला की अग्निशमन विभागाच्या, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

विद्युत सल्लागार, पुणे

अखत्यारीचा प्रश्न आधी घेतो. नॅशनल बिल्डिंग कोड ही भारतीय मानक ब्युरोने प्रसिद्ध केलेली संहिता आहे आणि ती स्वतःहून कायदा ठरत नाही. परंतु नाशिकला लागू असलेल्या २०२० च्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीने अग्निसुरक्षेसाठी तिचाच आधार घेतला आहे, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार या उपाययोजना पुरवणे व त्या चालू स्थितीत ठेवणे हे मालक आणि भोगवटादार यांचे कर्तव्य आहे. दिवे कोठे, किती प्रकाशाचे आणि किती वेळ जळणारे हवेत हे अग्निसुरक्षेच्या बाजूने पाहिले जाते. त्यांची वायरिंग, संरक्षण व अर्थिंग मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांखाली येते, आणि आपली इमारत १५ मीटरहून उंच असल्याने विद्युत निरीक्षकाचाही तिच्याशी संबंध येतो. थोडक्यात, दोन्ही दारे आपल्यालाच ठोठवावी लागणार आहेत.

आता मूळ शंका. जनरेटर केव्हा सुरू होतो? एएमएफ पॅनेलला मुख्य पुरवठा गेल्याचे कळते तेव्हा. समजा, तिसऱ्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगमध्ये एका डाउनलायटरचा (छतात बसवलेल्या दिव्याचा) ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, जळाला, शॉर्ट होऊन त्या पॅसेजचा एमसीबी (दोष येताच आपोआप वीज तोडणारा स्विच) पडला आणि तेथेच धूर निघू लागला. महावितरणची वीज तळघरातील पॅनेलवर शाबूत आहे, त्यामुळे जनरेटर जागचा हलणार नाही. इन्व्हर्टरलाही तळमजल्यावर वीज मिळत आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीनेही सर्व काही सुरळीत आहे. लँडिंगवरचा एक दिवा सोडला, तर ज्या मजल्यावर आग आहे नेमका तोच पॅसेज अंधारात राहतो आणि आपल्याकडील दोन्ही पर्यायी साधनांना त्याचा पत्ता नसतो.

म्हणूनच आपत्कालीन फिटिंगने स्थानिक सर्किटवर लक्ष ठेवले पाहिजे. बॅटरी असलेल्या स्वयंपूर्ण फिटिंगला जी कायम चालू लाइन द्यावी लागते, ती त्याच पॅसेजच्या दिव्यांच्या सर्किटमधून, त्याच एमसीबीच्या पुढून आणि स्विचच्या आधीपासून घ्यावी. अनेक ठिकाणी वायरमन नीटनेटकेपणाच्या हौसेने सर्व आपत्कालीन फिटिंगसाठी डीबीत (मजल्यावर वीज वाटणाऱ्या पेटीत) एक स्वतंत्र एमसीबी देतात आणि त्याखाली सुबक लेबलही लावतात. पॅसेजचा एमसीबी पडला तरी हा स्वतंत्र एमसीबी चालूच राहतो, फिटिंगला वीज मिळत राहते आणि बॅटरीवर जाण्याचे तिला काही कारणच उरत नाही. फेजचेही तसेच आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात पॅसेजचे दिवे आर फेजवर आणि आपत्कालीन फिटिंग बी फेजवर असतील, तर आर फेज गेल्यावर पॅसेज अंधारात जातो आणि फिटिंग मात्र बॅटरीवर जात नाही.

हे तपासण्यासाठी कोणालाही बोलावण्याची गरज नाही. संध्याकाळी कार्यालये सुटल्यावर कोणत्याही एका मजल्याच्या डीबीतील पॅसेजचा एमसीबी खाली करा आणि मुख्य पुरवठा चालू ठेवून पॅसेजमध्ये उभे राहून पाहा.

इन्व्हर्टरबद्दल दोन गोष्टी. जिन्याखाली बॅटऱ्या ठेवणे योग्य नाही. तो बाहेर पडण्याचा मार्ग आहे आणि पाणी भरण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. दुसरे म्हणजे, अशा जोडणीत न्यूट्रल (विजेची परतीची तार) अनेकदा जवळच्या सर्किटमधून उसना घेतलेला असतो. पुढेमागे डीबीत आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलात की तो विनाकारण पडू लागतो, मग कोणीतरी कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतो. पर्यायी पुरवठा आणि मुख्य पुरवठा एकाच वेळी जिन्याच्या सर्किटला जोडले जाऊ नयेत यासाठी संहितेने डबल थ्रो स्विच सांगितला आहे. तो आपल्याकडे आहे का, हेही पाहून घ्यावे.

जनरेटरवाला, ठाणे

वरील उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही, पण व्यवहार थोडा पाहावा असे सुचवतो. मी जनरेटर पुरवठा आणि देखभालीच्या व्यवसायात आहे. एएमएफची वेळ नीट लावली आणि इंजिनाची बॅटरी चांगली ठेवली, तर आठ सेकंदांत भार घेता येतो. राहिला प्रश्न मार्ग दाखवण्याचा. त्यासाठी अंधारात चमकणारे फोटोल्युमिनेसंट फलक आणि पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या लावल्या की काम होते, आणि त्यांना ना बॅटरी लागते ना देखभाल. प्रत्येक मजल्यावर बॅटरीची फिटिंग बसवायची, तीन वर्षांनी सगळ्या बॅटऱ्या बदलायच्या, हा खर्च लहान संस्थेला कायमचा होऊन बसतो.

शिवाय तपासणारी एजन्सीच विक्रेता सुचवते, हे कोणाला खटकले नाही याचे मला आश्चर्य वाटते. कोटेशन किमान तीन ठिकाणांहून घ्यावे.

निवृत्त अग्निशमन अधिकारी

विक्रेत्याबद्दल आपण जे म्हणता त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. एजन्सीने दोष दाखवावा. तो कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचा हे संस्थेने ठरवावे. जनरेटरच्या बाबतीत मात्र सहमत होता येत नाही, आणि त्याचे कारण आठ किंवा पंधरा सेकंदांच्या हिशेबापलीकडचे आहे. संहितेने दिलेली मुदत मोजक्या सेकंदांची आहे आणि आठ सेकंदांतही ती पाळली जात नाही, पण तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवू.

आगीच्या ठिकाणी आमची गाडी पोहोचली की पहिल्या काही आदेशांमध्ये ‘मेन बंद करा’ हा आदेश असतोच. पाण्याचा मारा करण्यापूर्वी जवानांच्या जिवासाठी ते करावेच लागते. मेन बंद होताच एएमएफ पॅनेल इमानेइतबारे जनरेटर सुरू करते आणि त्याच तारांमध्ये पुन्हा वीज येते. म्हणून आम्ही जनरेटरही बंद करतो, फक्त फायर पंपाचा स्वतंत्र पुरवठा राहू देतो. त्यानंतर वरच्या मजल्यांवर जे लोक अद्याप अडकलेले असतात, त्यांच्या डोक्यावरचा दिवा बॅटरीवरचा नसेल तर तो जळत नाही. किमान नव्वद मिनिटांची अट, आणि तीही लहानात लहान जागेसाठी, संहितेने उगाच घातलेली नाही. पाचव्या मजल्यावरून धडधाकट माणूस पाच मिनिटांत खाली येईल. पण दवाखान्यातील वृद्ध रुग्ण, खोल्यांमध्ये कोणी राहिले आहे का याचा शोध आणि धूर काढण्याचे काम हे सर्व त्याच उजेडात चालते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची दुर्घटना सर्वांना माहीत आहे. १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागलेल्या आगीचा धूर वर सभागृहात शिरला आणि ५९ जण मृत्युमुखी पडले. वीज गेल्यावर सभागृह अंधारात बुडाले, आपत्कालीन दिवे नव्हते आणि बाहेर पडण्याच्या वाटांमध्ये जादा खुर्च्या बसवलेल्या होत्या, या बाबी पुढे न्यायालयीन कारवाईत तपशिलाने आल्या. विजेच्याच साधनाला लागलेली आग असेल तर वीज टिकेल हे गृहीतच चुकीचे ठरते, आणि व्यावसायिक इमारतींमधल्या कितीतरी आगी विजेतूनच सुरू होतात.

फोटोल्युमिनेसंट फलकांबद्दल माझे मत वाईट नाही. पायऱ्यांच्या कडांना त्या पट्ट्या अवश्य लावाव्यात, कारण धूर छताकडून खाली उतरतो आणि माणूस वाकून चालू लागतो तेव्हा खालच्या खुणाच दिसतात. परंतु त्या चमकण्यासाठी आधी पुरेसा उजेड पडलेला असावा लागतो, आणि वीज वाचवण्यासाठी पॅसेजमध्ये सेन्सर बसवून अर्धा वेळ अंधार ठेवणाऱ्या इमारतींत त्या मंदच राहतात. त्या दिशा दाखवतात. वाटेत पडलेली खुर्ची त्यांच्या उजेडात दिसत नाही. धूर असा वरून उतरतो म्हणूनच संहिता फिटिंग शक्य तितके खाली, मात्र जमिनीपासून किमान दोन मीटर उंचीवर बसवावे असे सांगते. फॉल्स सीलिंगमध्ये बुजवलेला दिवा सर्वांत आधी धुरात जातो.

आणखी एक. जिना व पॅसेजचे दिवे स्वतंत्र सर्किटवर असावेत, आणि मजल्यावरची बटणे कशीही असली तरी तळमजल्यावरून एकाच ठिकाणी ते चालू करता यावेत, अशी तरतूद आहे. ते ठिकाण जवानांना सहज पोहोचता येईल असे असावे. मी पाहिलेल्या बहुतेक इमारतींत ते सुरक्षारक्षकाच्या खोलीत, कपाटामागे आणि कुलपात असते.

अभियंता, लीड्स

मी इंग्लंडमध्ये इमारतींच्या विद्युत सेवांचे काम करतो. येथील पद्धत उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आपल्याकडील विक्रेत्याने सुचवलेली तीन फिटिंग मला कमी वाटत नाहीत. बाहेर पडण्याच्या मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीपाशी १ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) प्रकाश हे आमच्या मानकातील किमान प्रमाण आहे, आणि २४ मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये चांगल्या लेन्सची तीन फिटिंग ते सहज देतात. बॅटरी मात्र आम्ही बहुधा तीन तासांची घेतो. उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये छताच्या उंचीनुसार दोन फिटिंगमधील अंतराचे तक्ते असतात. विक्रेत्याकडून तो तक्ता मागवावा, म्हणजे वाद मिटेल.

विद्युत सल्लागार, पुणे

लीड्सच्या मित्रांनी तक्त्याचा उल्लेख केला हे फार बरे झाले, कारण नाशिकच्या कोटेशनमधील तीन हा आकडा बहुधा तेथूनच आलेला आहे. भारतीय संहितेची अपेक्षा वेगळी आहे. मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीच्या पातळीला किमान १० लक्स, आणि दोन मीटरपर्यंत रुंदीच्या मार्गात निम्म्या रुंदीवर किमान ५ लक्स असे आपल्याकडील प्रमाण आहे. म्हणजे ब्रिटिश प्रमाणाच्या दहापट. आयात केलेल्या किंवा युरोपीय कॅटलॉगवरून तयार केलेल्या फिटिंगचे तक्ते १ लक्ससाठी काढलेले असतात, आणि ते जसेच्या तसे येथे वापरले की कागदावर सर्व ठीक दिसते व लक्समीटर वेगळेच सांगतो.

हिशेब करून दाखवतो. बॅटरीवर असताना सुमारे ३०० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) देणारे, साध्या दुधी डिफ्यूझरचे फिटिंग घ्या आणि ते जमिनीपासून अडीच मीटरवर बसवले आहे असे धरा. त्याच्या बरोबर खाली साधारण १५ लक्स मिळतात. दोन फिटिंगमध्ये दहा मीटर अंतर ठेवले, तर मधोमध दोन्हींचा मिळून प्रकाश १.२ लक्सच्या आसपास भरतो. लीड्समध्ये हे चालेल. तेच अंतर चार मीटर केले, तर मध्यावर जवळच्या दोन फिटिंगचे ११ लक्स आणि पलीकडच्यांचे थोडे अधिक मिळतात. त्यातून धूळ, जुनी होत जाणारी बॅटरी आणि एलईडीची घट यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, की आपण १० च्या किंचित खाली उतरतो. म्हणजे अशा फिटिंगने साडेतीन मीटरच्या आसपास अंतर ठेवावे लागेल आणि २४ मीटरच्या पॅसेजला सात फिटिंग लागतील. लांबट पॅसेजसाठी बनवलेल्या लेन्सचे अधिक ल्युमेनचे फिटिंग घेतले, तर संख्या कमी होईल. म्हणून विक्रेत्याला ‘किती नग’ असे न विचारता ‘बॅटरीवर, नव्वदाव्या मिनिटाला, जमिनीवर १० लक्स’ असे विचारावे आणि लक्सचा आराखडा मागावा.

‘बॅटरीवर’ हा शब्द कोटेशनमध्ये असलाच पाहिजे. खोक्यावर छापलेले ल्युमेन पुष्कळदा मुख्य विजेवरचे असतात. बॅटरी नव्वद मिनिटे पुरावी म्हणून फिटिंग आपत्कालीन स्थितीत प्रकाश बराच कमी करते, आणि तो आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच.

जागांबद्दल संहिता अंतरापेक्षा ठिकाणांची भाषा करते. पॅसेज जेथे एकमेकांना मिळतात किंवा वळतात तेथे, प्रत्येक निर्गमन दारापाशी, जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थेट प्रकाश पडेल असे, जमिनीची पातळी बदलते तेथे, फायर अलार्मच्या कॉल पॉइंटपाशी (घंटा वाजवण्याच्या बटणापाशी), होज रील व एक्स्टिंग्विशरपाशी, आणि शेवटच्या दाराच्या बाहेर. ‘जवळ’ म्हणजे आडव्या मापाने दोन मीटरच्या आत. आधी ही ठिकाणे नकाशावर खुणावा, मग मधल्या जागा १० लक्सच्या हिशेबाने भरा. शेवटच्या दाराबाहेरचा दिवा बहुतेक जण विसरतात, आणि पार्किंगच्या रॅम्पवर लोक अंधारात उतरतात.

फिटिंग भारतीय मानक आयएस १०३२२ च्या भाग ५, विभाग ८ नुसार असावे. आपत्कालीन एलईडी फिटिंग सक्तीच्या नोंदणीखाली येते, तेव्हा त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे. तो विभाग ८ साठीच आहे ना, हेही पाहावे. साध्या डाउनलायटरला बॅटरी पॅक जोडून विकले जाते, आणि त्यावरचा क्रमांक साध्या डाउनलायटरचा असतो.

गाळेधारक, नाशिक

आपण सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर पॅसेजचा एमसीबी खाली करून पाहिला. जिन्याच्या लँडिंगवरचा दिवा जळत होता, बाकी संपूर्ण पॅसेज अंधारात होता आणि जनरेटर शांत होता. कार्यकारिणीतील दोन सभासद सोबत होते, त्यामुळे सभेतील निम्मी चर्चा तेथेच संपली असे समजतो.

आता पुढील शंका. बॅटरीवाली फिटिंग घेण्याऐवजी एक मोठा सेंट्रल बॅटरी इन्व्हर्टर इलेक्ट्रिकल रूममध्ये ठेवून सर्व मजल्यांना त्यावरून पुरवठा दिला, तर शंभरभर लहान बॅटऱ्या सांभाळण्याचा त्रास वाचेल का? दुसरे, गाळ्यांच्या आत, विशेषतः दवाखाने आणि कोचिंग क्लासमध्ये, ही जबाबदारी संस्थेची की भाडेकरूची? आणि तिसरे, एकदा बसवल्यानंतर ते चालू आहेत हे दर सहा महिन्यांनी कसे सिद्ध करायचे?

इमारत व्यवस्थापक, बेलापूर

माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या इमारती आहेत, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

सेंट्रल बॅटरी देखभालीला सोपी आहे हे खरे, पण तिचा कस केबलमध्ये लागतो. स्वयंपूर्ण फिटिंगची तार आगीत जळाली तर फिटिंग बॅटरीवर जाते आणि दिवा लागतो. सेंट्रल व्यवस्थेत तार जळाली की दिवा जातो. त्यामुळे तेथे आगीतही काही काळ टिकणारी फायर सर्व्हायव्हल केबल, स्वतंत्र कंड्युट, शक्य तर वेगळा शाफ्ट आणि पॅसेजमधील दिवे एकाआड एक असे दोन सर्किटवर, हे सर्व करावे लागते. एका फिटिंगमधील दोषाने बाकीचे निकामी होऊ नयेत ही संहितेची अपेक्षाही त्याशिवाय पुरी होत नाही. शिवाय सल्लागारांनी सांगितलेला स्थानिक सर्किटचा मुद्दा येथेही राहतोच, म्हणजे प्रत्येक मजल्याच्या डीबीत पॅसेजच्या सर्किटवर लक्ष ठेवणारा रिले बसवावा लागतो. नवी इमारत असती तर मी विचार केला असता. तयार फॉल्स सीलिंग उघडून सहा मजल्यांवर नवी केबल ओढायची असेल, तर बॅटऱ्या बदलण्याचा खर्च त्यापेक्षा परवडतो.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत, वरच्या मजल्यावर, एसीची हवा न पोहोचणाऱ्या फॉल्स सीलिंगच्या पोकळीत बॅटरी ठेवली तर तिचे आयुष्य माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा पुष्कळ कमी भरते. भिंतीवर, सीलिंगच्या खाली बसवलेली फिटिंग अधिक टिकते आणि तिचे टेस्ट बटण शिडीशिवाय दाबता येते. निवृत्त अधिकाऱ्यांनी सांगितलेला धुराचा मुद्दाही त्यातच साधतो. बॅटरी निकेल-कॅडमियम किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी, आणि सुटी मिळणारी घ्यावी. काही फिटिंगमध्ये ती आतच चिकटवलेली असते, मग बॅटरी संपली की अख्खे फिटिंग फेकावे लागते.

तपासणीची आमची पद्धत अशी. महिन्यातून एकदा प्रत्येक मजल्याचा पॅसेजचा एमसीबी काही क्षण खाली करून कोणते फिटिंग पेटले नाही याची नोंद घेतो. टेस्ट बटणावर मी फार विसंबत नाही, कारण बटण फक्त बॅटरी आणि दिवा तपासते, वायरिंग बरोबर सर्किटवरून आली आहे का हे ते सांगत नाही. वर्षातून एकदा पूर्ण नव्वद मिनिटांची चाचणी करतो. ती एका दिवशी एकाआड एकच फिटिंगवर घ्यावी, कारण पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला चोवीस तास लागू शकतात आणि त्या रात्री खरोखर वीज गेली तर सर्व दिवे एकदम रिकामे असता कामा नयेत. प्रत्येक फिटिंगवर क्रमांक रंगवून घ्या आणि रजिस्टरमध्ये क्रमांक, दिनांक, नव्वदाव्या मिनिटाची स्थिती व बॅटरी बदलल्याचा महिना एवढे चार रकाने ठेवा. एजन्सीचा माणूस जानेवारी आणि जुलैमध्ये येतो तेव्हा त्याच्यापुढे हे रजिस्टर ठेवले की पाहणी लवकर आटोपते.

निवृत्त अग्निशमन अधिकारी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. अधिनियमात उपाययोजना पुरवण्याची जबाबदारी मुख्यतः मालकावर आणि त्या सुस्थितीत ठेवण्याची मालक किंवा भोगवटादार यांपैकी जो संबंधित असेल त्याच्यावर आहे. जिना, पॅसेज, पार्किंग ही सामायिक जागा संस्थेकडे असल्याने तेथे प्रश्न नाही. गाळ्याच्या आत गाळामालकाने फिटिंग बसवून द्यावीत आणि भाडेकरूने ती चालू ठेवावीत, असे भाडेकरारातच लिहून घ्यावे. करार झालेले असतील तर संस्थेने ठराव करून पत्र द्यावे आणि त्याची पोच ठेवावी. कोचिंग क्लासकडे विशेष लक्ष द्या. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणारे अंतर्गत बोळ आणि प्लायवूडची पार्टिशने तेथे नकाशात नसतात, आणि मुलांची सर्वांत जास्त गर्दी तेथेच असते. आतल्या बोळातून पॅसेजच्या दारापर्यंत उजेड अखंड असला पाहिजे, नाहीतर बाहेरचे सात दिवे त्या मुलांच्या उपयोगाचे नाहीत.

लाल स्टिकरही बदलावेत. निर्गमन चिन्ह हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरे, धावणारा माणूस आणि बाण असे असते, आणि ते प्रकाशित असावे लागते. बाण लिफ्टकडे दाखवणारे फलक मी पाहिलेले आहेत, तेव्हा बसवणाऱ्याच्या मागे एकदा स्वतः चालून पाहावे.

एजन्सीने सही रोखली आहे हे योग्यच केले. अपूर्ण व्यवस्थेवर फॉर्म ‘बी’ देणारी एजन्सी आपल्या काही उपयोगाची नसते, आणि उद्या काही घडले तर तो कागद संस्थेला वाचवत नाही. जुलैअखेरपर्यंत सर्व मजले होणार नसतील, तर आधी दोन्ही टोकांच्या दारांपाशी व जिन्यात फिटिंग बसवा, नंतर दवाखाने आणि कोचिंग क्लास असलेल्या मजल्यांचे पॅसेज घ्या, आणि उरलेल्या कामाचा दिनांकवार कार्यक्रम ठरावासह एजन्सी व अग्निशमन विभाग या दोघांकडेही लेखी द्या. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेऊन त्याचा टेस्ट रिपोर्ट फाइलला लावावा. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जिन्याखालून हलवण्यासाठी मात्र कोणत्याही कोटेशनची वाट पाहू नये, ते या आठवड्यातच करता येईल.